गोरखचिंचेवर संशोधन करवून घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांचे संशोधन मार्गदर्शक, संशोधन समित्यांचे सदस्य आणि वनस्पती औषधांवर एम.फार्म. किंवा पीएच.डी. करणारे विद्यार्थी यांस

सप्रेम नमस्कार.

नव्या वर्षाचे विषय ठरवायची वेळ आली की गोरखचिंचेचे, म्हणजे बाओबाबचे, नाव हमखास निघते. झाड भव्य, वसईच्या किल्ल्यात आणि मुंबईत डोळ्यांसमोर उभे, त्यावरचे शोधनिबंध भरपूर, आणि आता ‘बाओबाब पावडर’ विकतही मिळते. मग ठरलेला आराखडा पुढे येतो. फळ किंवा साल आणायची, सॉक्सलेट या अर्क काढायच्या उपकरणात मेथॅनॉल घालून अर्क काढायचा, टॅनिन-फ्लॅव्होनॉइडच्या रंगपरीक्षा करायच्या, डीपीपीएच या रंगचाचणीने अँटिऑक्सिडंट गुण दाखवायचा, विस्टार उंदरांना किलोमागे २०० आणि ४०० मिलिग्रॅम द्यायचे आणि शेवटी ‘पारंपरिक उपयोगाला पुष्टी मिळते’ असे लिहायचे. हा आराखडा आता थांबवावा, अशी विनंती करायला हे पत्र लिहिले आहे. त्यातून या झाडाबद्दल नवे काही कळत नाही. विद्यार्थ्याचे वर्ष, महाविद्यालयाचा पैसा आणि उंदरांचे जीव मात्र खर्ची पडतात. तेवढ्याच वेळात, त्याच उपकरणांवर उपयोगाचे काम होऊ शकते.

‘गोरखचिंचेचे औषधी गुण’ हा विषयच फार ढोबळ आहे. आफ्रिकेत, जिथे हे झाड हजारो वर्षे माणसांबरोबर राहिले, तिथे कुणी ‘बाओबाब औषधी आहे’ एवढ्यावर थांबत नाही. सेनेगलमध्ये गर पाण्यात कालवून ‘बुय’ नावाचे पेय करतात आणि हगवण लागलेल्या मुलालाही तो गर देतात. सुदानमध्ये झाडाला ‘तबल्दी’ म्हणतात आणि गराच्या पेयाला ‘गोंगोलेस’. मलावीत तेच फळ ‘मलांबे’. टांझानिया-केनियाच्या किनाऱ्यावर गर चिकटलेल्या बिया साखर आणि लाल रंगात घोळवून ‘उबुयू’ म्हणून विकतात. ते औषध नाही, खाऊ आहे. उत्तर नायजेरियातल्या हौसा घरांत वाळवलेल्या पानांची पूड ‘कुका’ म्हणून रस्सा दाट करायला घालतात. सालीचे दोर वळतात, आणि तापावर तिचा काढाही देतात. म्हणजे प्रत्येक उपयोगाला एक भाग, एक कृती आणि एक प्रमाण आहे. पाण्यात कालवलेल्या गराचा उपयोग तपासायचा म्हणून सालीचा मेथॅनॉल अर्क उंदराला दिला, तर कुठल्याच परंपरेची तपासणी झालेली नसते.

या झाडाचे शास्त्रीय नाव ॲडानसोनिया डिजिटाटा. १७४९ ते १७५४ या काळात सेनेगलमध्ये राहिलेल्या मिशेल ॲडान्सन या फ्रेंच निसर्गअभ्यासकावरून लिनियसने ते ठेवले. आपल्याकडे ते आफ्रिकेतूनच आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवले की ते भारतीय उपखंडात एकदाच आलेले नाही, वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या वाटांनी आले आहे. समुद्री व्यापार आणि त्याबरोबर इथे आणलेली आफ्रिकी माणसे यांच्याशी त्या अभ्यासाने हा इतिहास जोडला. प्रयोगशाळेत बसणाऱ्याला यातून एक व्यावहारिक गोष्ट घ्यायची आहे. आपल्याकडची झाडे ही आफ्रिकेतल्या प्रचंड विविधतेचा लहानसा हिस्सा आहेत. त्यामुळे मालीतल्या किंवा मलावीतल्या गराचे आकडे वसईच्या फळाला चिकटवता येत नाहीत, आणि वसईच्या फळाचे आकडे तिकडे लावता येत नाहीत. हे अंतर मोठे असते. मालीतल्या झाडांच्या गरात क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला सुमारे १५० मिलिग्रॅमपासून ५०० मिलिग्रॅमपर्यंत मोजले गेले आहे. एकाच प्रदेशातल्या, एकाच जातीच्या झाडांमध्ये तिप्पट फरक.

म्हणून पहिले काम नमुन्याचे. ‘स्थानिक बाजारातून खरेदी’ हे वाक्य प्रबंधात चालवून घेऊ नका. झाडाचे अक्षांश-रेखांश, खोडाचा घेर, फळ तोडल्याची तारीख, फळ झाडावरून काढले की खाली पडलेले उचलले, हे लिहा. वनस्पतीचा नमुना दाबून पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात, आघारकर संशोधन संस्थेत किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा आणि मिळालेला क्रमांक निबंधात छापा. या झाडाबाबत त्यात अडचणी आहेत. फूल संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजते, त्यामुळे फुलासह फांदी हवी असेल तर हंगामात संध्याकाळीच जावे लागते. कोवळ्या रोपांची पाने साधी असतात, हाताच्या बोटांसारखी पाच-सात दले नंतर येतात. रोपवाटिकेतल्या रोपावरून ओळख पटवू नका. फळ दाबता येत नाही, ते वेगळे वाळवून त्याच क्रमांकाने ठेवावे लागते. काष्ठौषधींच्या दुकानात तोंडी मागणी केली तर गोरखमुंडीही हातात पडू शकते, आणि ती पूर्ण वेगळ्या कुळातली वनस्पती आहे. पाच झाडांची फळे एकत्र कालवून ‘सरासरी नमुना’ करण्यापेक्षा पाचही झाडे वेगळी मोजा; झाडागणिक फरक किती आहे, हेच तर आपल्याला माहीत हवे आहे.

गर काढायची रीत सोपी आहे, पण चुका इथेच होतात. फळाचे कवच फोडल्यावर आत पांढरट, ठिसूळ गर असतो; तो झाडावरच वाळलेला असतो. लाल तंतू हाताने काढून टाका, बिया न फुटतील अशा बेताने हलके कुटा आणि चाळा. जोरात कुटले किंवा मिक्सर लावला की बियांची पूड मिसळते, त्यातले तेल आणि टॅनिन गरात येतात आणि पुढची सगळी मापे बिघडतात. गर हवेतला ओलावा फार लवकर ओढतो. कोकणात पावसाळ्यात उघडा राहिला तर काही तासांत त्याचे ढेकूळ बनते, रंग तपकिरी होतो, क जीवनसत्त्व घटते आणि पुढे बुरशी येते. हवाबंद, अंधाऱ्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवा. दर वेळी अर्क काढण्याआधी ओलावा मोजा आणि सगळे आकडे कोरड्या वजनावर द्या. साठवलेल्या किंवा आयात केलेल्या गराची अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषासाठी चाचणी करा.

कोरड्या वजनाचा आग्रह का, हे ‘संत्र्याच्या सहापट क जीवनसत्त्व’ या दाव्यावरून कळेल. हा दावा पावडरच्या डब्यांवर असतो आणि तिथून आपल्या प्रबंधांच्या प्रस्तावनेतही येतो. गरात १०० ग्रॅमला सरासरी ३०० मिलिग्रॅम धरू. ताज्या संत्र्यात साधारण ५३ मिलिग्रॅम असते. भागाकार बरोबर आहे, तुलना चुकीची. संत्र्यात सुमारे ८७ टक्के पाणी असते, गरात जेमतेम दहा-बारा टक्के. संत्र्याचे पाणी वजा केले तर १०० ग्रॅम कोरड्या भागात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा येतो, म्हणजे गरापेक्षा कमी नाहीच. शिवाय माणूस एका वेळी १०० ग्रॅम पूड खात नाही. १० ग्रॅम खाल्ली तर ३० मिलिग्रॅम मिळाले. एक मध्यम संत्रे त्याहून जास्त देते. आपल्या आवळ्याशी तुलना तर कुणी करतच नाही. गराचे खरे वैशिष्ट्य दुसरीकडे आहे: त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा तंतुमय पदार्थांचा आहे, त्यात विरघळणारे पेक्टिन भरपूर आहे, आणि त्यासोबत प्रोसायनिडिन गटातले पॉलिफेनॉल आहेत. संशोधनाचे लक्ष तिथे हवे.

आता प्रयोगशाळेतल्या चाचण्या. हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण चुकीचे निष्कर्ष बहुतेक इथेच जन्मतात.

गरात क जीवनसत्त्व आहे आणि ते स्वतः उत्तम क्षपणकारक आहे. फोलिन-सिओकाल्टो चाचणीत ते पॉलिफेनॉलसारखाच निळा रंग देते. म्हणजे ‘एकूण फेनॉल’ म्हणून छापलेल्या आकड्यात जीवनसत्त्वाचा वाटा मिसळलेला असतो. डीपीपीएचमध्येही तेच होते. उपाय अवघड नाही. क जीवनसत्त्व एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर) वेगळे मोजा. नमुना तीन टक्के मेटाफॉस्फोरिक आम्लात काढा, नाहीतर मोजेपर्यंत त्याचे ऑक्सिडीकरण होते. मग तेवढ्याच तीव्रतेचे शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल फोलिन आणि डीपीपीएच दोन्हीत चालवून पाहा. दुसऱ्या बाजूने, अर्काला पीव्हीपीपी ही पॉलिफेनॉल धरून ठेवणारी पूड लावून पॉलिफेनॉल काढून टाका आणि उरलेल्या द्रवाची चाचणी करा. दोन्हींतून कळेल की दिसलेला गुण कुणाचा किती. प्रोसायनिडिनसाठी डायमिथिलअमिनोसिनामाल्डिहाइडची रंगचाचणी घ्या. तिच्यात जीवनसत्त्वाची ढवळाढवळ होत नाही.

गराचा सामू (पीएच) साधारण ३.३ असतो. त्याचा जलीय अर्क अगार प्लेटवरच्या खळग्यात घातला तर आम्लामुळेच जिवाणूंची वाढ थांबून स्वच्छ वर्तुळ दिसते. तेवढ्याच सामूचे सायट्रिक आम्ल शेजारच्या खळग्यात घाला, आणि अर्क सामू ७ वर आणूनही एकदा घाला. वर्तुळ नाहीसे झाले तर ‘जिवाणूरोधक’ हा शब्द निबंधातून काढा. वर्तुळाचा व्यास म्हणजे ताकद नव्हे; पेक्टिनमुळे दाट झालेला अर्क अगारमध्ये सरकतच नाही. किमान प्रतिबंधक तीव्रता, म्हणजे वाढ थांबवणारी सर्वांत कमी तीव्रता, काढा, आणि ती मिलिलिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त येत असेल तर त्यात औषध शोधायला जाऊ नका.

अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसिडेज ही पिष्ट पचवणारी विकरे (एन्झाइम) रोखण्याच्या चाचण्या मधुमेहाच्या नावाखाली सर्रास होतात. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटून त्याला खाली बसवते. विकर हे प्रथिनच आहे. त्यामुळे ‘रोध’ दिसतो. चाचणीत ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून किंवा जास्तीचे बोवाइन अल्ब्युमिन हे प्रथिन घालून पुन्हा मोजा. रोध विरून गेला तर तो ढोबळ चिकटणे होता. साखर रंगाने मोजायची डीएनएसए पद्धत वापरत असाल तर आणखी एक खड्डा आहे. गरातली स्वतःची साखर आणि क जीवनसत्त्व दोन्ही डीएनएसएला रंग देतात. विकर न घातलेला अर्काचा ब्लँक (तुलनेचा कोरा नमुना) प्रत्येक तीव्रतेला वेगळा लागतो. अनेक निबंधांत तो नसतो आणि वाचणाऱ्याला आकड्याचा काही उपयोग राहत नाही.

पेशींवरच्या चाचण्यांत, जिवंत पेशी रंगाने दाखवणारे एमटीटी अभिक्रियक ॲस्कॉर्बिक आम्लाने आणि पॉलिफेनॉलने पेशींशिवायच जांभळा होतो. मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. उलट, हीच संयुगे पेशींच्या संवर्धन-द्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्याने मरतात. मग निबंधाचे शीर्षक ‘कर्करोगविरोधी’ होते. पेशी नसलेला एमटीटी ब्लँक, अर्क धुऊन टाकल्यानंतर घातलेले अभिक्रियक, आणि पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज घातलेली एक रांग, एवढे केले की खरे-खोटे वेगळे होते. यातले काहीही महागडे नाही.

मेथॅनॉल आणि सॉक्सलेटबद्दल दोन शब्द. मेथॅनॉल सुमारे ६५ अंशांना उकळते. त्या उष्णतेत कित्येक तास काढलेल्या अर्कात क जीवनसत्त्वाचे जे होते ते वेगळे सांगायला नको. माणसे हा गर थंड पाण्यात किंवा दुधात कालवून पितात. तेव्हा एकास दहा पाणी, खोलीचे तापमान, अर्धा तास ढवळणे, मग सेंट्रिफ्यूज, ही सुरुवात असावी. पेक्टिनमुळे गाळणे संथ होते, गाळणकागद बुजतो, सेंट्रिफ्यूज त्याचसाठी. रसायन उकलायचे असेल तर वरच्या द्रवात एथॅनॉल ७० टक्क्यांपर्यंत वाढवा, पेक्टिन खाली बसते. ते फेकू नका. धुऊन, वाळवून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक प्रयोगात ‘फक्त पेक्टिन’ हा स्वतंत्र गट लागणार आहे. प्रोसायनिडिनसाठी ७० टक्के ॲसिटोन वेगळे वापरा.

प्राण्यांवर जाण्याआधी गणित करा. १९९४ साली गराच्या जलीय अर्काचे सूज, वेदना आणि तापावरचे परिणाम किलोमागे ४०० आणि ८०० मिलिग्रॅम मात्रेत प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर ‘४००’ हा आकडा अनेकांनी न विचारता उचलला. उंदराची मात्रा माणसाला लावताना रॅटसाठी ६.२ ने आणि लहान माऊससाठी १२.३ ने भागतात. ४०० भागिले ६.२ म्हणजे किलोमागे सुमारे ६४.५ मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाला ३.९ ग्रॅम अर्क. अर्काचा उतारा, म्हणजे गरातून निघणाऱ्या अर्काचे प्रमाण, २० टक्के असेल तर त्यासाठी साडेएकोणीस ग्रॅम गर. एवढा गर माणूस पिऊ शकतो, म्हणून ही मात्रा गरासाठी समजण्यासारखी आहे. हाच ४०० चा आकडा सालीच्या अर्काला लावला आणि उतारा १० टक्के असला, तर रोज ३९ ग्रॅम साल उकळावी लागेल. त्यासाठी कुणाचे झाड सोलणार? हे गणित सारांशातच छापण्याची सक्ती संशोधन समितीने केली तर निम्मे प्रस्ताव आपोआप सुधारतील.

मधुमेहाचे प्रतिमान निवडतानाही हाच विचार हवा. प्राण्यांत मधुमेह घडवायला वापरले जाणारे ॲलॉक्सन स्वादुपिंडाच्या बीटा पेशी ऑक्सिडीकारक माऱ्याने मारते. त्याआधी कुठलाही अँटिऑक्सिडंट पाजला तर पेशी काही प्रमाणात वाचतात. याला विषापासून बचाव म्हणावे, मधुमेहावरचा उपाय म्हणू नये. मधुमेह पक्का झाल्यावर अर्क सुरू करा. आणि तोंडावाटे ग्लुकोज देऊन घेतलेल्या चाचणीत पेक्टिन एकट्यानेच जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते, रक्तातली साखर सावकाश चढते. तिथे वर सांगितलेला पेक्टिनचा गट नसेल तर प्रयोग करण्यात अर्थ नाही.

माणसांवरचे पुरावे थोडे आहेत, पण आहेत, आणि आम्हाला ते उंदरांवरच्या सगळ्या ढिगापेक्षा मोलाचे वाटतात. ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात निरोगी व्यक्तींना पांढऱ्या पावाबरोबर गराच्या अर्काचे पेय दिले, एकदा १८.५ ग्रॅम आणि एकदा ३७ ग्रॅम, २५० मिलिलिटर पाण्यात. जेवणानंतरची साखरेची चढण कमी झाली. पोट भरल्याची भावना मात्र बदलली नाही. नंतर २०१६ मध्ये अर्क पावाच्या पिठात मिसळून भाजला तेव्हा साखरेवर परिणाम दिसला नाही, इन्शुलिन तेवढे कमी लागल्याचे दिसले. २०१७ च्या अभ्यासात १५ ग्रॅम अर्क घातलेल्या स्मूदीने भूक कमी लागल्याचे लोकांनी सांगितले, पण पुढच्या जेवणात ते तेवढेच जेवले. हे तीन अभ्यास एकत्र वाचले की कळते: मात्रा मोठी आहे, माणसे थोडी आणि निरोगी आहेत, आणि पेय प्यायले की पिठात भाजले यावर निकाल बदलतो. ‘बाओबाब मधुमेह बरा करते’ असे यातला कुणीही म्हणालेला नाही.

डाकारमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात तीव्र अतिसाराच्या सुमारे १६० मुलांमध्ये गराचे द्रावण आणि जागतिक आरोग्य संघटनेचे मीठ-साखरेचे द्रावण यांची तुलना झाली. लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ ओआरएस सोडून गर द्यावा असा होत नाही. संघटनेच्या द्रावणात सोडियम मोजून घातलेले असते, गरात सोडियम नगण्य आणि पोटॅशियम भरपूर. केनियाच्या किटुई भागात शाळकरी मुलांच्या हिमोग्लोबिनवर झालेला अभ्यास प्राथमिक होता. तो प्रश्न अजून खुला आहे, कारण क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते आणि टॅनिन ते घटवते. या फळात दोन्ही आहेत.

आपल्याकडे करता येण्याजोगे काम इथेच आहे. पावाऐवजी भात आणि ज्वारीची भाकरी घ्या. उपलब्ध कर्बोदके ५० ग्रॅम ठेवा आणि त्यात गराची स्वतःची साखर मोजा. किमान दहा जण, संदर्भ-जेवण प्रत्येकाला निदान दोनदा, बोटातले रक्त ०, १५, ३०, ४५, ६०, ९० आणि १२० मिनिटांना. तुलनेच्या पेयासाठी माल्टोडेक्स्ट्रिन वापरू नका. ते स्वतः साखर चढवते आणि गर विनाकारण गुणी दिसतो. सायट्रिक आम्लाने आंबटपणा, पेक्टिनने दाटपणा आणि गराइतकीच साखर असलेले पेय करा. एक गट जेवणाआधी अर्धा तास, एक जेवणाबरोबर, असा वेळेचा फरकही तपासा. हे एका एम.फार्म. प्रकल्पात बसते. अर्थात नैतिकता समितीची परवानगी आणि सीटीआरआयवर (माणसांवरच्या चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) पहिल्या व्यक्तीच्या आधी नोंदणी हवीच.

मधुमेही रुग्णांवर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) पाहायचे असेल तर मात्र एका महाविद्यालयाने उडी घेऊ नये. प्रमाण विचलन १ टक्का आणि अपेक्षित फरक ०.५ टक्का धरला तर ८० टक्के शक्तीसाठी (खरा फरक असल्यास तो सापडण्याच्या शक्यतेसाठी) गटागणिक ६३ रुग्ण लागतात. १५ टक्के गळती धरली की ७५. कालावधी बारा आठवड्यांपेक्षा कमी चालणार नाही. तीन-चार महाविद्यालयांनी मिळून करावे. पंधरा-पंधरा रुग्णांचे चार वेगळे अभ्यास म्हणजे चारही निरुपयोगी. गरात १०० ग्रॅमला १ ग्रॅमहून जास्त पोटॅशियम असते, तेव्हा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना वगळा.

बियांबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. बियांच्या तेलात स्टर्क्युलिक आणि माल्व्हॅलिक ही सायक्लोप्रोपीनॉइड मेदाम्ले असतात आणि ती शरीरातल्या मेदाम्लांचे रूपांतर करणाऱ्या विकराला रोखतात. त्वचेला लावायला हे तेल वापरतात, ते ठीक; पण कच्चे तेल ‘आरोग्यदायी खाद्यतेल’ म्हणून सुचवणारा प्रकल्प ही मेदाम्ले ओळखणारी हॅल्फेन चाचणी आणि शुद्धीकरणानंतरचे आकडे दिल्याशिवाय मंजूर करू नका. पानांबाबत उलट स्थिती आहे. त्यांच्यावर आपल्याकडे फार थोडे काम झाले आहे. मालीतल्या कामातून दिसले की सावलीत वाळवलेल्या पानांत अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य उन्हात वाळवलेल्यांपेक्षा बरेच जास्त टिकते. साधा, स्वस्त, उपयोगी प्रयोग. फक्त रस्त्याकडेची पाने घेतलीत तर शिसे आणि कॅडमियम मोजा. आणि साल सोडून द्या. बाओबाबची साल पुन्हा भरते हे खरे, पण महाराष्ट्रात ही झाडे मोजकी आहेत आणि त्यांतली काही वारसा म्हणून जपायची आहेत. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवले की आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या तेरा बाओबाबांपैकी नऊ मागच्या बारा वर्षांत पूर्ण किंवा अंशतः मेले. अशा काळात रंगपरीक्षेसाठी खोड सोलणे आम्हाला पटत नाही.

वाळवलेल्या गराला युरोपीय संघाने २००८ मध्ये नवे खाद्य म्हणून मान्यता दिली. अमेरिकेत २००९ मध्ये फळपेयांत १० टक्क्यांपर्यंत आणि धान्य-फळांच्या वड्यांत १५ टक्क्यांपर्यंत वापराला एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) हरकत घेतली नाही. या मान्यता अन्न म्हणून सुरक्षिततेच्या आहेत, गुणकारी असण्याच्या नाहीत, आणि गरापुरत्याच आहेत. साल, पाने, बिया त्यात येत नाहीत. प्रबंधात ‘एफडीएमान्य’ असे लिहून विद्यार्थी पुढे उत्पादन काढतात. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात १९५४ च्या जादुई उपाय कायद्यात बसत नाही, हे मार्गदर्शकाने त्याला आधीच सांगायला हवे.

आफ्रिकेतून नमुने मागवायचे असतील तर ते ऑनलाइन पावडर विकत घेऊन होत नाही. जैविक संपत्तीच्या वापराबाबतच्या, २०१४ पासून लागू असलेल्या नागोया कराराप्रमाणे मूळ देशाची परवानगी आणि लाभवाटपाचा करार लागतो, आपल्याकडे वनस्पती विलगीकरणाचा आयात परवाना लागतो. याला कटकट समजू नये. झिंबाब्वे, मलावी, सेनेगलच्या गावांत ही फळे गोळा करणाऱ्या बहुतेक बायका आहेत, आणि कुठल्या झाडाचा गर आंबट, कुठल्याचा गोड, कुठले झाड फळतच नाही, हे त्या झाडागणिक सांगू शकतात. तुमच्या प्रकल्पात तिथल्या विद्यापीठाचा सहकारी असेल तर हे ज्ञान नमुन्यासोबत येईल आणि निबंधावर त्याचे नाव असेल.

समित्यांनी या सत्रापासून प्रस्तावाच्या अर्जात सहा रकाने वाढवावेत: वनस्पतीचा भाग, हर्बेरियम क्रमांक, अर्काची रीत आणि उतारा, माणसासाठीची समतुल्य मात्रा, क जीवनसत्त्व व पेक्टिनचे वेगळे गट आहेत का, आणि निकाल नकारात्मक आला तरी कुठे प्रसिद्ध करणार. शेवटचा रकाना रिकामा असेल तर प्रस्ताव परत पाठवावा. आपापल्या महाविद्यालयात याआधी झालेल्या गोरखचिंचेच्या प्रबंधांतला कच्चा तक्ताही, ब्लँकसह, विद्यापीठाच्या संग्रहात खुला करावा. त्यातले बरेच आकडे वर सांगितलेल्या दुरुस्त्या लावून पुन्हा वाचता येतील आणि त्यासाठी एकही उंदीर लागणार नाही.

आपले,
वनस्पती औषधांचे रसायन आणि चाचण्या यांवर काम करणारे सहकारी